इंदूरचा खड्डा, माळव्यातली पऱ्हाटी आणि तिप्पट कापसाचा हिशेब

१९२० च्या दशकात इंदूरच्या आसपासच्या शेतकऱ्याला एकरी सरासरी २०० पौंड कापूस होत असे. सरकीसकट नव्वद किलो, म्हणजे पुरता क्विंटलही नाही. त्याच गावांच्या शेजारी, त्याच काळ्या जमिनीत एका संशोधन संस्थेने १९२९ साली ५७८ पौंडांची सरासरी काढली. शेतात घातले होते काय, तर गोठ्यातले आणि खड्ड्यात कुजवलेले खत. कंपोस्टने कापूस तिप्पट होतो, हे वाक्य सेंद्रिय शेतीच्या व्याख्यानांतून आजही ऐकू येते ते इथून आलेले आहे. वाक्य खोटे नाही. पण ही तिप्पट कशावरची होती, त्यात खताचा वाटा किती आणि बाकीच्या कामांचा किती, हे व्याख्यानात कोणी सांगत नाही. पऱ्हाटीचे, म्हणजे वेचणीनंतर उरलेल्या कापसाच्या झाडांचे, ढीग धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जळताना दर वर्षी पाहतो, म्हणून हे जुने प्रकरण उलगडून बघावेसे वाटले.

संस्थेचे नाव इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री. १९२४ मध्ये ती उभी राहिली. पैसा मुख्यतः इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीचा आणि मध्य भारतातल्या संस्थानांचा, आणि सुमारे ३०० एकर जमीन होळकर दरबाराची. संचालक अल्बर्ट हॉवर्ड. त्याआधी १९०५ पासून ते बिहारमध्ये पुशाच्या सरकारी शेती संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ होते आणि पत्नी गॅब्रिएल यांच्यासोबत त्यांनी गव्हाच्या जाती काढल्या होत्या. पुशाला पिकाची जात एका खात्याकडे, माती दुसऱ्या आणि रोग तिसऱ्या खात्याकडे असा कारभार होता. हॉवर्ड त्याला कंटाळले होते. इंदूरला त्यांना अख्खी शेती एका हाती हवी होती, आणि ती मिळाली. खताच्या कामात त्यांचे मुख्य सहकारी होते रसायन विभागातले यशवंत वाड. १९३१ मध्ये या पद्धतीवरचे पुस्तक निघाले ते हॉवर्ड आणि वाड अशा दोघांच्या नावाने. पुढे जगभर नाव झाले ते एकट्या हॉवर्डांचे. गोऱ्या साहेबाच्या हाताखाली काम करणाऱ्याच्या वाट्याला हे नेहमीचेच.

आता जमिनीचे दुखणे. माळव्याची जमीन म्हणजे आपल्या वऱ्हाडचीच बहीण: काळी, चिकण, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडणारी. ही जमीन ओल धरून ठेवते म्हणून आपण तिला भारी म्हणतो, पण जुलै-ऑगस्टच्या झडीत तोच गुण उलटतो. पोकळ्या पाण्याने भरतात आणि हवा निघून जाते. कापसाच्या मुळाला हवा लागते. ती मिळाली नाही की मूळ वरच्या चार-सहा इंचांत पसरून बसते. शिवाय हवाबंद ओल्या मातीतले जीवाणू नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात आणि नत्र वायू होऊन उडून जाते. पीक पिवळे पडते, वाढ खुंटते. मग पाऊस उघडला, ऊन तापले, की वरवर पसरलेल्या मुळांना खालची ओल गाठता येत नाही. आपल्याकडे पावसाच्या मोठ्या खंडानंतर जोराचा पाऊस पडला की उभी पऱ्हाटी दोन दिवसांत माना टाकते. त्या आकस्मिक मरीचे मूळही मुळाभोवतीची हवा तुटण्यातच असते.

हॉवर्डांचे निदान होते की काळ्या जमिनीत कापसाला अन्न कमी पडण्याआधी हवा कमी पडते. म्हणून त्यांनी इंदूरला आधी पाण्याला वाट करून दिली. उताराला आडवे बांध घातले आणि जास्तीचे पाणी हळू निघून जावे यासाठी गवताळ चर काढले. खत त्यानंतर. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, पुढे हिशेब करताना तो लागेल.

सेंद्रिय पदार्थ कुजून झालेला ह्युमस काळ्या मातीत काय करतो, तर चिकणमातीचे बारीक कण एकमेकांना चिकटवून त्यांचे रवे बनवतो. रव्यांच्या मधे फट राहते आणि फटीत हवा राहते. विदर्भातल्या बऱ्याच कोरडवाहू जमिनींत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास घुटमळतो. वखराची पास मारताना ढेकूळ फुटते की नुसते लोळते, यावरून जुना शेतकरी तो ओळखत असे. माती परीक्षणाचा कागद नंतर आला.

खत कसे केले, ही या प्रकरणातली सगळ्यात ऐकण्याजोगी गोष्ट आहे, आणि तिची सुरुवात खड्ड्यापासून होत नाही, गोठ्यापासून होते. इंदूरच्या गोठ्यातली जमीन फरसबंद नव्हती, मातीची होती. बैलांच्या पायाखाली सुमारे अर्धा फूट माती असे आणि तीवर पालापाचोळ्याचा, काडीकचऱ्याचा बिछाना. मूत्र बिछान्यात आणि मातीत मुरायचे. दर तीन-चार महिन्यांनी ती माती उकरून काढायची, आडोशाला ठेवायची आणि नवी भरायची. ही मूत्रमाती खड्ड्यात पडत असे. जनावर जे नत्र बाहेर टाकते त्यातले निम्म्याच्या आसपास मूत्रातून जाते, आणि ते पिकाला झटकन मिळणारे असते. आपल्या गोठ्यात ते नालीवाटे रस्त्यावर जाते किंवा जागीच अमोनिया होऊन उडते. शेणाची काळजी घेणारा शेतकरीही मूत्राकडे घाण म्हणूनच पाहतो. इंदूर पद्धतीतून मला एकच गोष्ट उचलायला सांगितली तर मी ही मूत्रमाती उचलेन, खड्डा नंतर.

मग पऱ्हाटी. कापसाची आणि तुरीची वाळलेली झाडे म्हणजे लाकूडच, सहजासहजी कुजत नाही. इंदूरच्या शेतावर पऱ्हाट्या-तुराट्या शेतरस्त्यांवर पसरून ठेवत. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांची चाके आणि बैलांचे खूर त्यांचा भुगा करत. वेगळे यंत्र नाही, वेगळी मजुरी नाही. तो चुरा गोठ्यात बिछान्यात थोडा थोडा मिसळायचा, म्हणजे मूत्राने भिजून मऊ व्हायचा, आणि मगच खड्ड्यात. कठीण काडीचे प्रमाण एकूण कचऱ्यात थोडेच ठेवायचे असा त्यांचा नियम होता. उरलेला भरणा तण, गवत, पाला, उसाचे पाचट, ताग असा मिसळ. हिरवे तण आधी सुकवून घेत, नाहीतर ते लगदा होऊन हवा अडवते.

खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन-तीन फूटच खोल. खोली कमी, कारण खाली हवा गेली पाहिजे. आपला उखंडा, म्हणजे उकिरडा, पुरुषभर खोल असतो आणि वर्षभर तसाच दाबत जातो. त्यातले बरेचसे हवेविना सडते, कुजत नाही. खड्ड्यात बिछाना, शेण, मूत्रमाती आणि लाकडाची राख यांचे थर देत, पाणी शिंपडत, आणि चालू खड्ड्यातले अर्धे कुजलेले खत विरजण म्हणून घालत. नंतर तीनदा पालट, म्हणजे खत उपसून खालीवर करणे: पहिली दोन-तीन आठवड्यांनी, दुसरी महिन्या-सव्वा महिन्याने, तिसरी दोन महिन्यांनी. नव्वदाव्या दिवसाच्या सुमारास खत तयार. सुरुवातीच्या आठवड्यांत खड्ड्याचे तापमान ६५ अंशांपर्यंत चढत असे. या उष्णतेत तणाचे बी मरते आणि बोंडातली अळीही. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरते म्हणून तेव्हा जमिनीवरच बसके ढीग घालत.

कर्ब आणि नत्र यांचे गुणोत्तर भरताना ३३:१ च्या आसपास असावे, तयार खतात ते १०:१ च्या जवळ येते, असे त्यांनी बसवले होते. याचा अर्थ शेतात कसा दिसतो ते सांगतो. अर्धे कुजलेले खत शेतात टाकले तर त्यातला उरलेला कर्ब खाण्यासाठी जीवाणू जमिनीतले नत्र ओढतात, आणि पेरणीनंतर महिनाभर कापूस पिवळा राहतो. शेतकरी म्हणतो, एवढे खत टाकले तरी उठत नाही. खत खोटे नसते, कच्चे असते. वर हुमणीला आणि वाळवीला आमंत्रण. कच्च्या शेणखताने फायदा होण्यापेक्षा नुकसानच जास्त झालेली शेते मी पाहिली आहेत, आणि दोष प्रत्येक वेळी बियाण्यावर गेला.

किती खत निघाले? संस्थेकडे २० बैलजोड्या होत्या, म्हणजे ४० बैल, आणि वर्षाला सुमारे १,००० गाड्या तयार खत. जोडीमागे ५० गाड्या. नुसत्या शेणाने एवढ्या गाड्या कधीच भरल्या नसत्या. शेण हे इथे विरजण आणि नत्राचा स्रोत, गाडी भरते ती काडीकचऱ्याने. ही कल्पना हॉवर्डांना चीनमधून सुचली होती. अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांनी तिथल्या शेतकऱ्यांच्या खत करण्याच्या रीतीवर लिहिले होते आणि हॉवर्डांवर त्याचा मोठा प्रभाव होता. शेणाच्या गोवऱ्या होतात, त्या थांबवा असा उपदेश गावाला करून उपयोग नाही, हे त्यांना कळले होते. उरलेल्या शेणात किती जास्त कचरा मुरवता येईल, हा त्यांचा प्रश्न होता.

आता आकडे. संस्थेच्या शेतावर सुधारलेल्या जमिनीतला कापूस असा पिकला. १९२७ मध्ये वीस एकरांहून थोड्या जास्त क्षेत्रावर एकरी सरासरी ३४० पौंड, पाऊस सुमारे २८ इंच आणि चांगला विभागून पडलेला. १९२८ मध्ये साडेसहा एकरांवर ५१० पौंड, पाऊस ४१ इंच, म्हणजे अतिवृष्टीचे साल. १९२९ मध्ये ३७ एकरांवर ५७८ पौंड, पाऊस अवघा २३ इंच. किलोत बोलायचे तर एकरी दीड क्विंटल, मग सव्वादोन, मग दोन क्विंटल साठ. हॉवर्डांचा निष्कर्ष असा की पाऊस कसाही पडो, ह्युमसने आसपासच्या शेतकऱ्यांची सरासरी लवकरच तिपटीवर नेली.

या आकड्यांची ताकद कशात आहे ते आधी सांगतो. कोरडवाहू कापसाचे उत्पादन पावसाबरोबर वरखाली होते, हे कोणालाही माहीत आहे. इथे सर्वांत चांगल्या पावसाच्या साली उत्पादन सर्वांत कमी आणि सर्वांत कमी पावसाच्या साली सर्वांत जास्त आहे. अतिवृष्टीच्या साली काळ्या जमिनीतला कापूस बसायला हवा होता, तो बसला नाही. वर्षागणिक जमीन सुधारत गेली, ती ओल आणि हवा दोन्ही सांभाळू लागली, हे मानल्याशिवाय ही चढण नीट समजत नाही. तीन वर्षे हा काळ थोडा आहे, पण दिशा स्पष्ट आहे.

आता शंका, आणि त्या लहान नाहीत.

पहिली, तुलना कोणाशी? २०० पौंड हे शेजारच्या शेतकऱ्यांचे उत्पादन. त्यांच्याकडे बांध नव्हते, चर नव्हते, वेळेवर पेरणीला पुरेसे बैल बहुधा नव्हते, आणि सावकाराचे व्याज होते. संस्थेच्या ३७ एकरांवर निचरा सुधारलेला, तण काढलेले, मशागत वेळेवर, मजूर कायमचे. खत घातलेला आणि न घातलेला असे दोन पट्टे, बाकी सगळे सारखे ठेवून, शेजारी शेजारी पिकवलेच नाहीत. हॉवर्डांना अशा छोट्या पट्ट्यांच्या प्रयोगांचा रागच होता. शेती ही अखंड गोष्ट आहे, तिचे तुकडे करून काय कळणार, असे ते म्हणत. त्यांचा राग समजू शकतो. पण मग तिप्पटीतला किती हिस्सा खताचा आणि किती चराचा, हे कोणालाच सांगता येत नाही, आणि ‘ह्युमसने तिप्पट’ असे म्हणण्याचा हक्कही उरत नाही. संपूर्ण व्यवस्थेने तिप्पट, एवढेच म्हणता येते.

दुसरी, क्षेत्र दर वर्षी वेगळे. २०, साडेसहा, ३७ एकर. त्याच तुकड्याचा तीन वर्षांचा माग नाही.

तिसरी शंका आजच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. २०० चे ५७८ झाले, पण ५७८ पौंड म्हणजे दोन क्विंटल साठ किलो. आज यवतमाळ-वर्ध्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला तेवढेच झाले तर तो बँकेत तोंड दाखवणार नाही. चार-पाच क्विंटल म्हणजे त्याचे मध्यम साल. माळव्यात तेव्हा होता देशी, आखूड धाग्याचा माळवी कापूस. आज संकरित बीटी आहे, त्याची भूक वेगळी.

भुकेचा हिशेब मांडूनच बघू. ढोबळ मानाने एक क्विंटल कापूस पिकवायला झाड जमिनीतून सहा-सात किलो नत्र उचलते. २०० वरून ५७८ पौंडांवर जायला एकरी १७० किलो कापूस जास्त पिकवावा लागला, म्हणजे ११ किलोच्या आसपास जादा नत्र. काही टन चांगले कंपोस्ट दोन-तीन वर्षे सलग पडले आणि निचऱ्यामुळे जमिनीतले नत्र उडायचे थांबले, तर एवढे मिळू शकते. म्हणून इंदूरचे आकडे मला पटतात. आता पाच क्विंटलचे गणित करा. लागतील ३० ते ३५ किलो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची कोरडवाहू बीटीसाठीची शिफारस आहे हेक्टरी ६०:३०:३० किलो नत्र, स्फुरद, पालाश, म्हणजे एकरी २४ किलो नत्र, आणि सोबत हेक्टरी पाच टन शेणखत. पाच टन शेणखतात, अर्धा टक्का नत्र धरले तर २५ किलो, एकरी दहा. त्यातले पहिल्या वर्षी पिकाला मिळते तिसरा हिस्सा, तीन-साडेतीन किलो. बाकीचे हळूहळू. नुसत्या शेणखतावर बीटीची भूक भागवायची तर एकरी दहा-बारा टनांखाली बात नाही, आणि तेवढे खत गावात कोणाकडे आहे?

म्हणजे कंपोस्ट बीटी कापसात नत्राची बॅग बदलून टाकत नाही. ते बॅगेतले नत्र वाया जाऊ देत नाही, मुळाला हवा देते आणि स्फुरद मोकळे करायला मदत करते. काळ्या चुनखडीयुक्त जमिनीत बाहेरून दिलेला स्फुरद लवकर अडकून पडतो, शेणखतात मिसळून दिला तर तो जास्त काळ मुळांच्या कामी येतो. हॉवर्डांना जो शेजारी शेजारी पट्ट्यांचा प्रयोग करायचा नव्हता, तसा प्रयोग अकोल्यात १९८८ पासून एकाच जमिनीवर चालू आहे. तिथे पीक कापूस नाही, ज्वारी-गहू आहे, पण माती तीच काळी. शिफारशीचे पूर्ण रासायनिक खत अधिक शेणखत असा जो पट्टा आहे, तो उत्पादनात आणि जमिनीच्या कर्बात टिकून राहिला आहे. हॉवर्ड आणि युरियावाले, दोघांनाही हे उत्तर अर्धेच आवडले असते.

जाता जाता जीवामृताविषयी, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या द्रावणाविषयी, कारण या विषयावर लिहिले की कोणीतरी विचारतेच. एकरी २०० लिटर जीवामृतात दहा किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो बेसन आणि गूळ. यातले सगळे नत्र बेरजेला घेतले तर पाव किलोच्या आसपास भरते. जीवाणूंना चालना मिळत असेल, मी नाकारत नाही. पण कापसाच्या ३० किलोंच्या भुकेत पाव किलो म्हणजे जेवणाआधीचा तीर्थप्रसाद.

याउलट एक वाट आपण पूर्वापार वापरतो आणि तिचा हिशेब कधी करत नाही. कापसाचा धागा म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, हवेतून आणि पाण्यातून बनलेला. रुईची गाठ मिलमध्ये गेली तर जमिनीतले अन्नद्रव्य जवळपास काहीच जात नाही. जाते ते सरकीतून. सरकीचे तेल काढले तरी नत्र ढेपेत राहते. टरफलासकट ढेपेत चार टक्क्यांच्या आसपास. ती ढेप आपल्याच बैलाला, आपल्याच म्हशीला घातली आणि तिचे शेण-मूत्र शेतात परतले, तर कापूस हे जमीन न खाणारे पीक होऊ शकते. कापूस विकून ढेपेचे पोते बाजारातून आणणारा शेतकरी नकळत जमिनीचे देणे परत आणत असतो. गुरे विकून टाकलेल्या घरात ही साखळी तुटते. पऱ्हाटी धुऱ्यावर पेटवली तर उरलीसुरली कडीही तुटते, कारण पालाश राखेत राहिला तरी नत्र आणि कर्ब धुरात जातात.

इंदूर पद्धत गावागावांत का रुजली नाही, याचे उत्तर तिच्या पालटींत आहे. १४ फूट रुंद, ३० फूट लांब खड्डा तीनदा उपसायचा, तोही उन्हाळ्यात, पाणी घालत. संस्थेकडे कायमचे मजूर होते आणि विहिरीला पाणी होते. कुटुंबाच्या शेतात एप्रिलमध्ये विहीर तळाला गेलेली असते आणि घरातली माणसे लग्नसराईत. १९३५ मध्ये गांधीजी इंदूरला गेले तेव्हा त्यांनी ही पद्धत पाहिली आणि पुढे ‘हरिजन’मधून तिच्याविषयी लिहिले गेले. तरी सामान्य शेतात ती अर्धवटच उतरली: खड्डा राहिला, पालट गेली आणि मूत्रमाती तर कधी आलीच नाही.

हे कोडे सोडवले पुसदच्या एका शेतकऱ्याने, नारायण देवराव पांढरीपांडे यांनी. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’. जमिनीवर विटांचे टाके, १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतींत जागोजागी भोके. पालट बंद, हवा भोकांतून आपोआप. एका टाक्यात १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, अवघे ९० ते १०० किलो शेण, पावणेदोन टन चाळलेली कोरडी माती आणि दीड-दोन हजार लिटर पाणी. तोंड शेणमातीने लिंपायचे. तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत. दोन बैलांच्या घरातही शंभर किलो शेण साताठ दिवसांत जमते, म्हणून ज्यांनी जोडी विकली पण एक गाय ठेवली आहे अशांनाही ते जमते. एक गोष्ट नाडेपच्या प्रचारात स्पष्ट सांगितली जात नाही: तीन टनांतले निम्म्याहून अधिक वजन घातलेल्या मातीचे असते. त्यामुळे टनांवर न भुलता त्याचा कस तपासून घ्यावा. त्या मातीच्या जागी गोठ्यातली मूत्रमाती भरली तर पांढरीपांडे आणि वाड-हॉवर्ड यांची गाठ पडते, आणि ते खत माझ्या मते दोन्हींपेक्षा सरस होते.

पाच एकर कोरडवाहू कापसावर हे बसवून बघू. एकरी टनभर पऱ्हाटी धरली तर पाच टन. तीन टाकी लागतील आणि थोडी उरेल. नऊ टन खत, एकरी पावणेदोन टनांच्या आसपास, म्हणजे विद्यापीठाच्या हेक्टरी पाच टनांच्या शिफारशीच्या जवळपास. बाहेरून एक ट्रॉलीही विकत न आणता. नत्राची बॅग लागेलच, पण ती उगवणीनंतर, फुलोऱ्यात अशी विभागून द्यायची.

अडचण आहे पऱ्हाटीच्या चुऱ्याची. शेतरस्त्यावरून दिवसभर गाड्या जायचे दिवस गेले. ट्रॅक्टरला जोडायचे श्रेडर भाड्याने मिळते, पण एका गावात दोन-तीन असतात आणि फेब्रुवारीत सगळ्यांना ते एकाच आठवड्यात हवे असते. अख्खी पऱ्हाटी टाक्यात कोंबली तर सहा महिन्यांनीही काडी काडीच राहते. त्यात गुलाबी बोंडअळीचा प्रश्न. अर्धवट उमललेल्या, किडक्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत महिनोनमहिने राहते आणि सरपणासाठी धुऱ्यावर रचलेली पऱ्हाटी हाच तिचा उन्हाळ्याचा मुक्काम. २०१७ मध्ये विदर्भाने या अळीचा जो तडाखा खाल्ला, त्यानंतर पऱ्हाटी जानेवारीतच काढून शेताबाहेर करा असे सगळेच सांगू लागले. बाहेर करा म्हणजे जाळा, असा त्याचा अर्थ गावात घेतला गेला. चुरा करून, भिजवून टाक्यात भरली तरी अळी मरते. फक्त मधले दोन महिने ढीग उघडा राहता कामा नये.

वेळेचेही गणित आहे. फरदड, म्हणजे मुख्य वेचणीनंतर लांबवलेले पीक, न घेता जानेवारीअखेर उपटलेली पऱ्हाटी लगेच चुरून भरली आणि विहिरीला मार्चपर्यंत पाणी पुरले, तर मृगाआधी खत हाती येते. फेब्रुवारीच्या शेवटी भरलेल्या टाक्याचे खत जूनमध्ये अर्धे कच्चे निघते. ते कापसाच्या सरीत घालू नये, गोठ्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवावे. पावसाळाभर मुरले की ऑक्टोबरात हरभऱ्याला जाईल, आणि त्या वावरात पुढच्या सालचा कापूस घ्यावा.